ऑस्ट्रेलियन खोगीर घेताय? आधी घोड्याची पाठ बघा

चेन्नईच्या शोळिंगनल्लूर आणि ओएमआर रस्त्याच्या पट्ट्यात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी मंडळींकडून एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं येत असतो. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून पाठ आखडते, म्हणून शनिवार-रविवारी ईसीआर रस्त्याच्या बाजूला घोडेस्वारी शिकायला जातो. आता मांड बऱ्यापैकी बसली आहे आणि रिंगणाबाहेर लांबच्या रपेटीला जावंसं वाटतं. पण शाळेचं इंग्लिश पद्धतीचं सपाट खोगीर दोन तासांत नकोसं होतं. ऑनलाइन ‘ऑस्ट्रेलियन स्टॉक सॅडल’ दिसतं, त्याची बैठक खोल, मांड्यांपुढे गाद्या, दिसायलाही रुबाबदार. घ्यावं का? सोळा इंची की सतरा? पुढे शिंग असलेलं की बिनशिंगाचं? कातड्याचं की सिंथेटिक?

या प्रश्नांत तुमची कंबर असते, तुमचं बजेट असतं, घोडा मात्र नसतो. आणि घोडं पेंड खातं ते इथंच. तुम्हाला न बसणारं खोगीर फार तर तुमच्या मांड्या सोलवटेल. घोड्याला न बसणारं खोगीर त्याची पाठ कायमची बिघडवू शकतं, आणि पाठ दुखणारा घोडा रपेटीत कधी ना कधी तुम्हाला खाली उतरवतोच.

या खोगिराचं वेगळेपण

ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांना दिवसदिवस घोड्यावर बसून उंचसखल रानातून गुरं हाकायची असत. त्यांनी इंग्लिश खोगीरच घेतलं आणि गरजेप्रमाणे बदललं. बैठक खोल केली, मागची कड उंच केली, फ्लॅप लांब ठेवले आणि मांडीच्या पुढे दोन टणक गाद्या बसवल्या. घोडा अचानक थांबला किंवा उतारावर घसरला, तर या गाद्या स्वाराला पुढे जाऊ देत नाहीत. खाली मात्र इंग्लिश खोगिरासारख्याच लोकर भरलेल्या दोन गाद्या असतात. त्यामुळे हे खोगीर अमेरिकन काउबॉय पद्धतीच्या वेस्टर्न खोगिरापेक्षा हलकं राहतं. साधारण ७ ते ११ किलो वजन धरून चाला.

पुढचं शिंग हे मुळात या खोगिराचं अंग नव्हे. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी ते नंतर आलं. हाताला आधार म्हणून असेल तर हरकत नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

जाता जाता सांगण्यासारखं म्हणजे चेन्नईला ऑस्ट्रेलियन घोडा नवा नाही. न्यू साउथ वेल्सचे ‘वेलर’ घोडे एकोणिसाव्या शतकात फौजेसाठी जहाजांतून हिंदुस्थानात येत, आणि ते उतरायच्या मोठ्या बंदरांपैकी एक मद्रास होतं.

तुमची बाजू आधी ठरवा

- स्वतःचा घोडा नाही, दर वेळी वेगळा मिळतो: खोगीर घेऊ नका. एकच खोगीर चार वेगवेगळ्या पाठींना बसत नाही. ते पैसे चांगल्या हेल्मेटवर, टाचेच्या बुटांवर आणि रपेटीच्या ब्रीचेसवर घाला. दोन तासांत होणारा निम्मा त्रास जीन्सच्या शिवणीचा असतो, खोगिराचा नसतो.
- शाळेतला एकच घोडा ठरलेला आहे: मालकाशी आणि सईसाशी बोलल्याशिवाय काही मागवू नका. घोडा विकला किंवा बदलला तर खोगिराचं काय करायचं, हे आधी ठरवा. अशा वेळी पुढची कमान बदलता येणारं, म्हणजे अदलाबदलीच्या गलेट-पट्टीचं खोगीर थोडं महाग पडलं तरी परवडतं.
- घोडा तुमचा आहे: पुढचं सगळं तुमच्यासाठी.

घोड्याची जात सांगून खोगीर मागवणं पुरेसं नाही, पण अंदाजाला उपयोगी पडतं. चेन्नईच्या तबेल्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच दिसतात. त्यांचे विदर्स, म्हणजे मान संपते तिथला खांद्यांमधला हाडाचा उंचवटा, उंच असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. शर्यत सुटल्यावर वर्षभरात त्यांचं अंग भरतं आणि मापही बदलतं. मारवाडी आणि काठियावाडी घोडे बहुधा अरुंद बांध्याचे. गोलमटोल तट्टाला विदर्स जवळजवळ नसतातच, त्याच्या पाठीवर खोगीर पिंपावर ठेवल्यासारखं फिरतं. या तिन्ही पाठींना ‘मीडियम’ म्हणून एकच खोगीर विकणाऱ्या दुकानदाराला दुरूनच नमस्कार करा.

पाठीचं माप घ्यायची रीत

हे काम अर्ध्या तासाचं आहे. स्टेशनरीच्या दुकानात आर्किटेक्चरचे विद्यार्थी वापरतात ती वाकणारी मोजपट्टी मिळते, ती साठ सेंटिमीटरची घ्या. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडची जाड, वाकवली तशीच राहणारी वायर चालते. सोबत खडू, जाड पुठ्ठा, कात्री आणि घोडा धरायला एक माणूस.

१. घोडा सपाट, टणक जमिनीवर चारही पाय सारखे ठेवून उभा करा. वाळूत नाही. मान सरळ समोर, तोंडासमोर चारा नको. मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो.

२. खांद्याचं चपटं हाड बोटांनी चाचपा. त्याची मागची कड सापडत नसेल तर सईसाला पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा, हाड कातडीखाली मागे सरकताना हाताला कळतं. त्या कडेच्या मागे दोन बोटं सोडून खडूची रेघ मारा. खोगिराच्या सांगाड्याचं पुढचं टोक इथं येणार.

३. मोजपट्टी त्या रेघेवर पाठीवरून आडवी टाका आणि दोन्ही बाजूंनी दाबून अंगाबरोबर बसवा. अलगद उचला, पुठ्ठ्यावर ठेवा, आतल्या बाजूनं पेन्सिल फिरवा. डावी-उजवी बाजू लिहायला विसरू नका. बऱ्याच घोड्यांचे दोन खांदे सारखे नसतात.

४. अशीच दुसरी रेघ पाठीच्या सर्वांत खोलगट जागी, तिसरी शेवटच्या बरगडीच्या पातळीवर. शेवटची बरगडी कुशीपासून पुढे चाचपत गेलात की सापडते. तिथून वर कण्यापर्यंत बोट न्या. खोगिराची गादी या रेषेच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून मागे कण्याला बरगड्यांचा आधार नाही.

५. चौथं माप लांबीचं. विदर्सपासून शेवटच्या बरगडीपर्यंत कण्यालगत पट्टी ठेवून पाठीचा झोल उतरवून घ्या.

६. पुठ्ठा कापा आणि पुन्हा घोड्यावर त्याच जागी लावून बघा. फटी दिसल्या तर पुन्हा घ्या.

७. बाजूनं आणि मागून फोटो काढा. मागून काढताना तुम्ही स्टुलावर आणि घोडा विश्वासू, दोन्ही गोष्टी हव्यात.

कारागिराला पुठ्ठ्याच्या प्रती, फोटो, घोड्याचं वय आणि तो सध्या किती कामात आहे हे सगळं पाठवा. माप घेतल्याची तारीख घाला. तीन महिन्यांपूर्वीचं माप वाढत्या वयाच्या घोड्याला जुनं झालेलं असतं.

खोगीर घरी आलं, आता पाठीवर

पहिल्यांदा खाली काहीही न घालता, नुसतं खोगीर ठेवा. जाड नमदा किंवा जेल पॅड घातलं की सगळंच बसल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियन खोगीर हमखास पुढे, खांद्यांवर चढवून ठेवलं जातं. थोडं पुढे ठेवून हलक्या हातानं मागे सरकवा, ते आपोआप थांबेल तीच त्याची जागा. मग हे बघा:

- विदर्स आणि कमान यांच्यात, तुम्ही वर बसल्यावरही, दोन-तीन बोटं सहज जावीत. फक्त वरून नव्हे, बाजूंनीही.
- मागून पाहिलं तर दोन गाद्यांमधून उजेड आरपार दिसावा. ही वाट तीन-चार बोटं रुंद हवी, कण्याला काहीच टेकता कामा नये.
- बैठकीत गोल पेन्सिल ठेवा. ती बैठकीच्या मधोमध थांबावी. मागे घरंगळली तर कमान अरुंद आहे आणि पुढची बाजू वर उचलली गेली आहे. पुढे गेली तर कमान रुंद.
- तळहात वर करून गादीखाली पुढून मागे सरकवा. मध्येच हात मोकळा झाला आणि पुढे-मागे मात्र अडकला, तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवरच टेकलंय. नवख्या माणसाच्या हातून हाच दोष सर्वांत जास्त सुटतो, कारण वरून सगळं झकास दिसतं.
- मागची कड धरून वर-खाली हलवा. झोपाळ्यासारखं डुललं तर उलटा दोष.

यात पास झालं तरी पैसे अजून मोकळे करू नका. खाली पातळ, स्वच्छ सुती कापड घालून तीस-चाळीस मिनिटं चाल आणि दुडकी करा. खोगीर उतरवलं की घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधली कण्याची वाट कोरडी, हे ठीक. ओल्या पट्ट्यात रुपयाएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथं इतका दाब पडतोय की घामही सुटत नाही. चेन्नईच्या दमट हवेत घोडा सगळाच भिजतो, म्हणून ही परीक्षा पहाटे, ऊन चढायच्या आत घ्या. दुसऱ्या दिवशी कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी सावकाश दाबत जा. घोड्यानं पाठ खाली घातली, कान मागे टाकले, तर उत्तर मिळालं. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती जुन्या दाबाची खूण आहे.

आता स्वाराचं माप

ऑस्ट्रेलियन खोगिराची बैठक इंग्लिशप्रमाणेच इंचांत सांगतात. वेस्टर्नचा आकडा साधारण दोन इंचांनी कमी असतो. म्हणजे वेस्टर्न १५ बसत असेल तर इथं १७ पासून सुरुवात करा. पण आकड्यापेक्षा बसून पाहणं खरं. रिकिबीत पाय घालून नेहमीसारखं बसल्यावर मांडी आणि पुढची गादी यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं, मागे कडेपर्यंत साधारण चार बोटं. ‘घट्ट धरून ठेवतं’ म्हणून लहान बैठक निवडू नका. दुडकीत मांडी त्या गाद्यांवर आपटते आणि पडायची वेळ आली तर सुटणं अवघड होतं.

रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा एकूण इंचभर रुंद असावी. त्याहून अरुंद रिकिबीत पाय अडकतो, फार रुंदीतून आरपार जातो. पट्टे फ्लॅपखालच्या लोखंडी पट्टीवर अडकवलेले असतात. त्या पट्टीची खिटी उघडी ठेवा, म्हणजे वेळ आली तर पट्टा सुटून येईल.

वजनाचं गणित इथंच करून टाका. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, हा सर्वत्र वापरला जाणारा अंदाज. चारशे किलोच्या घोड्याला ऐंशी किलो. तुम्ही पंचाहत्तर किलोचे आणि खोगीर नऊ किलोचं असेल तर पाण्याची बाटली घेण्याआधीच तुम्ही हद्द ओलांडलीत. मग हलकं खोगीर, मोठा घोडा किंवा छोटी रपेट, यांतलं काहीतरी निवडायला हवं.

तंग, दुमची, पेशबंद

या खोगिराला बहुधा दोन तंग असतात, एक नेहमीचा आणि त्यावरून बैठकीच्या वरून जाणारा दुसरा. वरचा तंग एखादा पट्टा तुटलाच तर खोगीर जागेवर ठेवायला आहे. तो खालच्या तंगापेक्षा जास्त आवळू नका. तंग कोपराच्या मागे एक तळहात सोडून यावा, टप्प्याटप्प्यानं आवळावा, आणि आवळल्यावर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढावेत, म्हणजे कातडीच्या घड्या सुटतात. घामट हवेत निओप्रीनच्या तंगाखाली पुरळ उठतं. सुती किंवा मोहेरच्या दोऱ्यांचा तंग इथं बरा.

शेपटीखालून जाणारी दुमची चेन्नईच्या सपाटीवर लागत नाही. सह्याद्रीतल्या किंवा निलगिरीतल्या उतारांवर, बिनविदर्सच्या तट्टावर ती खरी कामाला येते. छातीवरून जाणारा पेशबंद मात्र वाळूत चालताना उपयोगी आहे, खोगीर मागे सरकत नाही. यापलीकडे पॅकेजमध्ये मिळणारी बाकीची खोगीरभरती, म्हणजे नक्षीदार पिशव्या, झालरी, पितळी फुलं, नाकारलीत तर घोडा दुवाच देईल.

कातड्याचं की सिंथेटिक

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात कपाटातल्या कातड्यावर चार दिवसांत हिरवट बुरशी धरते. खारी हवा हलक्या दर्जाच्या बकलांना आणि शिवणीतल्या खिळ्यांना खाते. आठवड्यातून एकदाच स्वारी करणार असाल आणि निगा राखायला वेळ नसेल, तर चांगल्या बनावटीचं सिंथेटिक घ्या, तेही स्टेनलेस स्टीलच्या साजाचं. रोज घोडा काढणार असाल तर कातडंच. ते अंगाला बसतं आणि दुरुस्त होतं.

- वाळूतून आल्यावर आधी गाद्यांखालची वाळू झटका, मग ओल्या फडक्यानं मीठ पुसा, सावलीत वाळवा, नंतर सॅडल सोप.
- तेल महिन्या-दोन महिन्यांतून, तेही हात ओला होईल इतकंच. तेलानं भिजलेल्या कातड्यावर बुरशी जास्त धरते.
- प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही गुंडाळू नका. सुती चादर टाका.
- लोकरीची भरती दबते. वर्षातून एकदा तपासून लागेल तशी पुन्हा भरून घ्या. फोमच्या गाद्यांना ही सोय नाही, खरेदीपूर्वी हा फरक विचारा.

कुठून घ्यावं

परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी पुष्कळशी ऑस्ट्रेलियन खोगिरं कानपूरची असतात. १८५७ नंतर फौजेच्या गरजेतून तिथं हा धंदा वाढला आणि आज ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ शब्दाला भुलू नका. त्याच शहरात उत्तम कारागीरही आहेत आणि दिखाऊ मालही. फरक बाहेरच्या नक्षीत दिसत नाही, आतल्या सांगाड्यात असतो. विचारायचे प्रश्न असे: सांगाडा लाकडाचा, फायबरग्लासचा की प्लॅस्टिकचा? कमानीची रुंदी किती, आणि ती नेमकी कुठून कुठं मोजली? गाद्यांत लोकर की फोम? गादी उघडून भरती कमीजास्त करता येते का? पुठ्ठ्याच्या मापावर करून द्याल का?

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत साज स्वस्त मिळतो. लगाम, मोरखी, तोबरा तिथून खुशाल घ्या. खोगीर मात्र घोडा समोर नसताना यात्रेत घेऊ नये.

माझं मत विचाराल तर नव्या स्वस्त खोगिरापेक्षा जुनं, चांगल्या घराण्याचं खोगीर बरं. फक्त सांगाडा तपासा. कमान पोटाशी टेकवून मागची कड दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. किंचित लवचिकता चालेल, पण बैठकीत घडी पडली किंवा करकर आवाज आला तर सांगाडा मोडलेला आहे. तो फुकटातही नको. तंगाचे पट्टे वाकवून भेगा बघा, त्यांची शिवण नखानं ओढा.

माल चुकीचा आला तर

- मापं, रुंदी, साहित्य हे सगळं ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. पाठीवर चढवून घाम लागला की ‘वापरलेलं’ म्हणून परत घ्यायला नकार येतो, म्हणून चाचणीची मुभा आणि परतीचा वाहतूकखर्च कोणाकडे, हे ऑर्डरपूर्वीच ठरवा.
- ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ‘मला आवडलं नाही’ हे मात्र या नियमात बसत नाही.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथं मराठीतही बोलता येतं.
- ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कानपूरला जावं लागत नाही. शोळिंगनल्लूर तालुका २०१८ पासून चेन्नई जिल्ह्यात आहे, जुन्या कागदांवर कांचीपुरम असलं तरी. मुदत दोन वर्षांची. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही.

भाड्याच्या घोड्यावर बसण्याआधी

खोगीर न घेता माथेरान, पाचगणी किंवा इथल्याच किनाऱ्यावर तासाभरासाठी घोडा घेणारे वाचक जास्त आहेत. त्यांनी पैसे देण्याआधी खोगीर उचलून पाठ दाखवायला सांगावी. तो तुमचा अधिकारच समजा. जखम, सूज किंवा सोललेली कातडी दिसली तर बसू नका. जखमी, कामाला अयोग्य जनावर कामाला लावणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम सांगतात की तापमान ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन त्यांना कामाला लावायचं नाही. ते नियम हौशी स्वारीसाठी केलेले नाहीत, पण चेन्नईच्या मे महिन्यात हेच मोजमाप धरलेलं बरं.

किनाऱ्यावर जाणार असाल तर आणखी एक. जानेवारी ते मार्च-एप्रिल या काळात या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि घरटी भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असतात. त्या महिन्यांत घोडा पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवरूनच न्या. त्याच्या पायांच्या शिरांनाही तीच वाळू सोसते.